गुणी बाळाचे चाळीस दिवस

३१ जानेवारी

बुरुलला दारातूनच परत पाठवलं.

पेटी घेऊन आली होती. गुडघ्यापर्यंत बर्फ. "बाई, टाचेतून थोडंसं रक्त. या कागदावर चार ठिपके. लगेच जाते." बाळ आज सहा दिवसांचं. हिवाळ्यात आमच्या गावचं कुणी तालुक्याच्या दवाखान्यात दुसरी रात्र थांबत नाही — खिंड कधी बंद होईल सांगता येत नाही. आम्हीही थांबलो नाही. तिथे व्हायची चाचणी मग गावच्या नर्सनं, म्हणजे बुरुलनं, घरी येऊन करायची.

आत नणंद आणि शेजारची सालकिन आजी चहाला बसलेल्या. सून बेगिमाय बाळाजवळ झोपलेली, पलीकडच्या खोलीत. बायकांचं सकाळपासून माझ्यावरूनच चाललं होतं. मुलाच्या, तालायच्या वेळी हिनं चाळीस दिवस पाळले नाहीत. नवव्या दिवशी पोर सासूच्या अंगावर टाकून शाळेत हजर. तेव्हा हिला कम्युनिस्ट पक्षाचा बिल्ला प्यारा होता. आता सुनेच्या बाळंतपणात काय करते बघू.

मी बुरुलला म्हटलं, चाळीस दिवस होईपर्यंत बाहेरचं माणूस बाळाजवळ जाणार नाही.

"बाई, पण ही चाचणी आत्ताच—"

"मला शिकवतेस, बुरुल?"

आत हसल्या. बुरुल लाल झाली. माझीच विद्यार्थिनी. तिसऱ्या बाकावर बसायची.

पडवीत तिच्या मागे गेले. म्हटलं, तुला उगाच त्रास नको. वहीत लिही — सून बाळाला घेऊन माहेरी गेली. पेनातली शाई गोठली होती. फुंकर मारत मारत तिनं लिहिलं.

नणंद म्हणाली, आता कशी सासू शोभतेस.

बरं वाटलं. उगाच खोटं का लिहू? बरं वाटलं.


९ फेब्रुवारी

एर्मेक गुणी आहे. पट्ट्यांनी पाळण्यात बांधला की निजतो तो दुपारपर्यंत. रात्री एकदाही उठवत नाही. सालकिन आजी म्हणते, साठ वर्षांत असं बाळ पाहिलं नाही, हा मागच्या जन्मी मुल्ला असणार. मी म्हटलं, आपल्यात मागचा जन्म नसतो, आजी. ती म्हणाली, तू शिकलेली, तुला ठाऊक.


१८ फेब्रुवारी

डोळे अजून पिवळट. थंडीतलं बाळ. ऊन मिळालं की जाईल.


२४ फेब्रुवारी

बेगिमाय सकाळी चुलीपाशी येऊन उभी राहिली. काही बोलायचं असलं की ती अशी उभी राहते, हात पुसत.

"आई, हा ओढतच नाही. दोन घोट घेतो आणि झोपतो. टाळूवर पाणी लावून उठवते, तरी."

मी म्हटलं, तुला दूध भरपूर आहे, दोन घोटांत पोट भरतं. पहिलटकरणीला सगळ्याची काळजी वाटते.

"पाच दिवस झाले, शी नाही."

"अंगावरच्या बाळाचं असंच असतं."

ती परत गेली. सासूसमोर दुसऱ्यांदा बोलायची तिची पद्धत नाही. गेल्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा मीच सगळ्यांना कौतुकानं सांगत होते — मुलीला वळण आहे.

तालाय संध्याकाळी ट्रक घेऊन आला. दहा दिवसांनी. पाळण्यावर वाकून म्हणाला, "काय साहेब? आवाज नाही, तक्रार नाही. आपल्याला असाच माणूस हवा."


६ मार्च

आज चाळीस झाले.

बायका आल्या. दोघींनी घडीची रोटी तळली. परातीत कोमट पाणी, लाकडी चमचा, एकेकीनं चमचा भरून बाळाच्या डोक्यावर ओतायचा, चाळीस मोजायचे. मोजणं माझ्याकडे. मी आजी.

बाळ पाण्यात रडतंच. रडावंच लागतं — त्यावर बायका हसतात, कुणाचा आवाज कुणावर गेला ते ठरवतात. एर्मेक रडला नाही. सालकिन आजीच्या हातांवर पडून राहिला. जीभ ओठांतून बाहेर. "बघा, बघा किती शांत," नणंद म्हणाली.

बाविसाव्या चमच्याला मी त्याचं पाऊल धरलं. कोमट पाण्यातून नुकतं निघालेलं पाऊल — गार. मांडीवर जाळीजाळीचे निळे डाग. बेंबी बाहेर आलेली, अक्रोडाएवढी. मग तो कण्हल्यासारखा आवाज, घोगरा, म्हाताऱ्याचा.

नववीचं पुस्तक, पान एकशे बारा. डावीकडे खाली एका मुलाचं चित्र आहे — जीभ बाहेर, बेंबी फुगलेली. मुलं त्याला हसतात, म्हणून दरवर्षी मी ते पान पटकन उलटते.

मी तेवीस म्हटलं. चोवीस म्हटलं. चाळीसपर्यंत मोजत राहिले. अठरा चमचे. कुणाला थांबवलं नाही. रोटी वाढली. त्या गेल्या. मग बेगिमायला म्हटलं, उद्या पहाटे तालुक्याला जायचं.

का, असं तिनं विचारलं नाही. तिचं बोचकं बांधलेलंच होतं. किती दिवस बांधून ठेवलं होतं कोण जाणे.


७ मार्च

डॉक्टरीण तरुण आहे. तिनं एर्मेकला उघडं केलं आणि बराच वेळ हात लावून पाहत राहिली.

"किती दिवसांचा?"

"एकेचाळीस," मी म्हटलं.

"टाचेची चाचणी झाली होती?"

बेगिमाय म्हणाली, "कुणी आलंच नाही, डॉक्टर."

तिला खरंच तसं वाटतं. ती तेव्हा झोपलेली. मी भिंतीवरचा तक्ता वाचत होते. कोणत्या महिन्यात बाळाचं वजन किती असावं. सगळा वाचला.


८ मार्च

महिला दिन, सुट्टी. तरी डॉक्टरीणबाईंनी प्रयोगशाळा उघडून घेतली. दुपारी बोलावलं. रक्तातला आकडा इतका वर की मोजायचं यंत्रच थांबलं. मग गळ्यावर यंत्र फिरवून पाहिलं. थायरॉइड ग्रंथी जवळजवळ नाहीच. तयारच झालेली नाही.

नणंद सोबत होती. तिनं विचारलं, "डोंगरातलं मीठ खातो आम्ही, त्यानं का?" डॉक्टर म्हणाली, मिठाचा दोष नाही, आईचा नाही, कुणाचाच नाही. असं कधीकधी होतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू केली की मूल इतर मुलांसारखं वाढतं. ओळखूही येत नाही.

"आणि आता?" बेगिमायनं विचारलं.

"आता आजपासून सुरू करू."

"किती गेलं?"

"ते आज नाही सांगता येणार. चालायला लागेल, बोलायला लागेल, तेव्हा कळेल."

कुणाचाच दोष नाही. नणंद गाडीत हेच घोकत होती.


९ मार्च

गोळीचा तुकडा दोन चमच्यांमध्ये चिरडायचा. बेगिमाय दुधाचे चार थेंब त्यात पिळते. चमचा ओठाशी. सकाळी, उपाशीपोटी, रोज, जन्मभर. तुकडा केवढा — तांदळाच्या कणीएवढा.

हे मला माहीत आहे. एकोणतीस वर्षं फळ्यावर खडूनं काढते आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका. ती रक्तातून गळ्यातल्या ग्रंथीला निरोप पाठवते. ग्रंथी आपलं संप्रेरक सोडते. ते रक्तातून सगळीकडे जातं — हृदयाला सांगतं चल, आतड्यांना सांगतं हला, हाडांना सांगतं वाढा, आणि तान्ह्या मेंदूत पेशीला पेशी जुळते त्या कामालाही तेच लागतं. पुरेसं झालं की पीयूषिका गप्प बसते. मी मुलांना सांगते, घरातल्यासारखंच — हाक मारायची, ओ आली की थांबायचं.

एर्मेकच्या डोक्यात पीयूषिका एकेचाळीस दिवस ओरडत होती. त्याच आरोळीचा तो आकडा. आणि मी पाळण्याशी बसून म्हणत होते, किती शांत.


१२ मार्च

तालाय आला. बूट न काढता आत.

"आई आहेस ना तू त्याची? चाळीस दिवस काय बघत होतीस?"

बेगिमाय खाली बघून उभी.

"शेळीलासुद्धा कळतं करडू आजारी आहे ते."

तिनं सांगितलं नाही की तिनं मला सांगितलं होतं. चुलीपाशी उभं राहून.

मग तो माझ्याकडे वळला. "आई, तू होतीस म्हणून कळलं तरी. नाहीतर या बायांनी त्याला तसाच ठेवला असता." त्यानं माझा हात धरून डोळ्यांना लावला. गावातही तेच बोलतात. बाईंनी पावलाला हात लावून ओळखलं. दुकानात सालकिन आजी सगळ्यांना सांगत होती — शिक्षण ते शिक्षण.

मी तालायला म्हटलं, सुनेला बोलू नकोस. तो म्हणाला, तू फार चांगली आहेस.


१५ मार्च

बुरुल शाळेच्या फाटकाशी थांबली होती.

"बाई, जिल्ह्याचा साहेब येणार आहे. एर्मेकच्या चाचणीचं. वही बघणार."

"मग?"

"काही नाही. कानावर घातलं."

मी फाटकाची कडी घातली, काढली, परत घातली. ती म्हणाली, "बाळ दूध घेतं का आता?" मी हो म्हटलं. "देवाची कृपा," म्हणाली आणि गेली. तिनं काही मागितलं नाही. मागितलं असतं तर नाही म्हणायला तरी आलं असतं.


२१ मार्च

नौरोज. कोंब आलेल्या गव्हाची खीर ढवळायला गेले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं.


२६ मार्च

एर्मेक रडला. मोठ्यानं, पाय झाडत, लाल होऊन. पाळण्याची एक पट्टी सुटली. बेगिमाय पिठाच्या हातांनी धावत गेली. कुंपणापलीकडून सालकिन आजी: "कोण मारतंय गं त्याला?"

"कुणी नाही, आजी. भूक लागलीय त्याला."

बेगिमाय हसत होती. नंतर हसत नव्हती. तिच्या गालावर पीठ आणि पीठ ओलं. मी गोठ्यात गेले. गाईला कडबा घातलेला होता. परत घातला.


२ एप्रिल

आज नववीला अंतःस्रावी ग्रंथी. पुढे ढकलत होते, मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा घ्यावाच लागला.

सुरुवात नेहमीची. कळपाजवळ लांडगा दिसतो, तुमची छाती धडधडते, ते कुणाचं काम? मूत्रपिंडावरच्या टोपीचं. लग्नात गोड खाल्लं, रक्तातली साखर कोण आवरतं? स्वादुपिंड. मग गळ्यातलं फुलपाखरू काढलं — थायरॉइड.

एल्दियार कायम खोडी काढणारा. "बाई, म्हणजे एवढ्याशा कणावर माणूस हुशार की ढ ते ठरतं? मग मलाही द्या." सगळे हसले. मीही.

मग आयसुलूनं हात वर केला. सालकिनची नात. "बाई, औषध उशिरा दिलं तर?"

सगळ्यांनी माना वह्यांत घातल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

"पान एकशे बारा," मी म्हटलं.

पानं उलटण्याचा आवाज. सोळा मुलं त्या चित्राकडे बघत बसली. कुणी हसलं नाही. घंटा होईपर्यंत मी खिडकीत उभी होते.


४ एप्रिल

साहेब घरी आला. जाडा, दमेकरी, सभ्य. बेगिमायनं चहा दिला.

"नर्स म्हणते ती आली होती. मग वहीत माहेरी गेली असं का लिहिलं? त्यावर बोलत नाही. घरातल्या कुणी नको म्हटलं का? तर म्हणते, आठवत नाही." त्यानं कपाळ पुसलं. "खोटी नोंद आहे. कामावरून तर थांबवलंच आहे. पुढे खटलाही होईल. बाई, तुम्ही गावातलं जाणतं माणूस. तुम्हाला काही माहीत आहे?"

मी म्हटलं, "मी बहुधा शाळेत होते."

बहुधा. हा शब्द मला कुठून सुचला? पुरतं खोटं बोलायचीसुद्धा हिंमत नाही.

बेगिमाय म्हणाली, "मी झोपले होते, मला काही माहीत नाही." तिचं खरं. एकाच घरातून एका दमात दोन उत्तरं, आणि साहेबानं दोन्ही सारखीच लिहून घेतली.


५ एप्रिल

गावच्या दवाखान्याला कुलूप. सालकिन आजीला रक्तदाब बघायला सहा किलोमीटर जावं लागलं. आल्यावर म्हणाली, "बरं झालं हाकलली तिला. कामचुकार." आजी त्या दिवशी चहाला होती. बुरुलला दारात तिनं पाहिलं आहे. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. तिला सगळं आठवतंय. माझी लाज राखते आहे. मोबदल्यात मीही तिची राखायची, असं आहे ते.


९ एप्रिल

काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. चार दिवस टिकलं.

एर्मेक आज माझ्या बोटाकडे बघत होता. बोट हलवलं, डोळे हलले. मी मोजत होते — किती वेगानं हलले, दुसऱ्या बाळांचे किती वेगानं हलतात. आता जन्मभर मी हेच करणार. तो पहिलं पाऊल टाकेल, मी तारीख बघीन.


१२ एप्रिल

आज दवाखान्यात चौकशी होती. कुलूप उघडलेलं. बाकावर पाच-सहा बायका — काम काही नाही, ऐकायला. आत टेबलाशी साहेब, समोर बुरुल. रंगीत रुमाल डोक्याला, लग्नाला आल्यासारखी.

मी तास सोडून गेले. दार उघडंच ठेवून बोलले. बंद केलं असतं तर परत बोलावं लागलं असतं.

म्हटलं, ती सहाव्या दिवशी आली होती. बर्फात. मी परत पाठवली. माहेरी गेली असं लिही, हेही मीच सांगितलं. सून झोपली होती, तिला माहीत नाही. चार तारखेला तुमच्याशी खोटं बोलले.

साहेबानं चष्मा काढला. "बाई, तुम्ही जीवशास्त्र शिकवता ना?"

"हो."

"किती वर्षं?"

"एकोणतीस."

"मग तुम्हाला माहीत होतं, ही चाचणी कशाची ते."

"होतं."

"मग का?"

घरी बायका बसल्या होत्या म्हणून. एवढंच. याहून मोठं कारण शोधत इतके दिवस काढले, सापडलं नाही. म्हटलं, "घरी बायका बसल्या होत्या."

त्यानं ते लिहिलं. लिहिताना ओठ हलत होते.

बुरुल उठली, आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा, बाई. तुमचे गुडघे दुखतात." मी बसले नाही. तेव्हा ती म्हणाली, टेबलाकडे बघत, "मी दुसऱ्या दिवशी परत यायला हवं होतं. हे काही तुम्ही शिकवायला नको होतं."

बाहेर पडताना बाकावरच्या बायकांनी पाय आत घेतले. वाट दिली.


१३ एप्रिल

तालायला फोनवर सांगितलं. तो खिंडीत होता. वाऱ्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "गाडी चालवतोय, आई." गाडी थांबलेली होती. इंजिनाचा आवाज नव्हता.

बेगिमायला तोंडावर सांगितलं. ती कणीक मळत होती, मळत राहिली. माफी माग म्हणणारं कुणी नव्हतं. मी मागितली. तिनं मान हलवली, कशाला ते कळलं नाही.

दुपारी चहा. आमच्याकडे पियालीत चहा अर्धाच ओततात — परत परत भरता यावा, माणूस बसून राहावं. पाहुणा जास्त बसला की काठोकाठ भरायची, तो समजतो आणि उठतो. गेलं वर्षभर बेगिमायनं मला अर्धी पियाली दिली, दिवसातून सहा वेळा.

आज काठोकाठ. बशीत एक थेंब सांडला नाही.

प्यायले सगळा. उठले, आणि कुठे जायचं ते सुचेना. घर माझंच.


१४ एप्रिल, रविवार

सकाळी अंगणात चार बायका. चौघींच्या कडेवर दुलईत गुंडाळलेली बाळं. फेब्रुवारीनंतर जन्मलेली, गावातली सगळी.

"बुरुल आमच्याकडेही आली होती," पहिली म्हणाली. ती माझ्याकडे नाही, बेगिमायकडे बघून बोलत होती. "सासूबाई म्हणाल्या, बाईंनी आपल्या घरी सुई टोचू दिली नाही. बाईंना कळतं."

मी बाळं अंगणातच बघितली. तिघांची पावलं गरम होती. हात लावताच भोकाड पसरलं.

चौथं झोपलेलं होतं. "हा असाच," त्याची आई म्हणाली, "कधी त्रास देत नाही."

"उठव त्याला," मी म्हटलं.